आंबवलेला कोबी : अंदाजाने नव्हे, तोलून

डिसेंबर-जानेवारीत आपल्या बेळगाव-खानापूर भागातील बाजारांत कोबीचे ढीग लागतात. ज्या वर्षी पीक चांगले येते त्याच वर्षी भाव कोसळतो आणि काढणीची मजुरी व गाडीभाडे यांचीही तोंडमिळवणी होत नाही. 2020 व 2021 सालच्या टाळेबंदीत तर बाजार बंद पडल्याने ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी उभ्या कोबीत नांगर फिरवला. कोबी हे कांद्यासारखे चाळीत महिनोन्‌महिने ठेवण्याचे पीक नव्हे. आपल्या हवेत तो आठ-पंधरा दिवसांत पिवळा पडतो, मग त्याला वास सुटतो.

अशा वेळी प्रत्येक घराने चार-पाच गड्डे राखून ते आंबवून ठेवावेत, असे माझे मत आहे. जर्मनीत व त्याच्या आसपासच्या देशांत ही रीत शतकानुशतके चालत आली आहे. तिकडे या पदार्थाला ‘सावरक्राउट’ म्हणतात, म्हणजे सरळ भाषेत आंबट कोबी. याने शेतकऱ्याची पडलेली बाजारपेठ सावरेल असे मात्र मी म्हणणार नाही. ट्रकभर कोबी बरणीत मावत नसतो. पण वर्षातून एकदा मातीमोल होणारी वस्तू पुढचे तीन-चार महिने ताटात राहावी, एवढे गृहिणीच्या हातात आहे. त्यासाठी मीठ, बरणी आणि तराजू यांखेरीज काही विकत आणावे लागत नाही.

तराजूचे नाव मी मुद्दाम घेतले. या पदार्थाविषयी आपल्याकडे जो गैरसमज होतो तो लोणच्यामुळे होतो. कैरीचे लोणचे घालणारी बाई मूठ पाहून मीठ घालते. एखादी मूठ जास्त झाली तरी लोणचे टिकतेच, उलट अधिक टिकते. कारण लोणच्यात मीठच राखणदार असते. मीठ, तेल, मोहरी आणि हळद मिळून जंतूंना वाढू देत नाहीत. आंबट कोबीचे तंत्र याच्या उलट आहे. येथे जंतूंकडूनच काम करून घ्यायचे असते. कोबीच्या पानावर दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे भाऊबंद निसर्गतःच असतात. मीठ अगदी थोडे घातले आणि वरची हवा तोडली की कुजवणारे जंतू मागे पडतात व हे आपले कामकरी पुढे सरसावतात. कोबीतील साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबटपणा देते तेच हे आम्ल. पुढे या आम्लानेच कोबी टिकतो. मीठ केवळ पहिल्या काही दिवसांचा पहारेकरी.

म्हणून मीठ फार झाले तर कामकरी जंतूच अडतात, आणि कमी झाले तर कोबी लिबलिबीत होऊन सडतो. योग्य प्रमाण शेकडा सव्वादोन ते अडीच. वरची पाने व दांडा काढून उरलेला कोबी 2 किलो भरला, तर मीठ 45 ते 50 ग्रॅम. चमच्याने मोजू नये. मिठागराचे जाडे मीठ आणि पुडीतले बारीक मीठ यांचा एकेक चमचा घेऊन वजन केले तर ते सारखे भरत नाही. घरात छोटा तराजू नसेल तर किराणा दुकानदाराकडून 50 ग्रॅमची पुडी बांधून आणावी. आयोडीनच्या मिठाने काम बिघडते अशी समजूत आहे. त्याने पाणी थोडे गढूळ दिसते, एवढेच; कोबी आंबायचा राहत नाही.

आता पहिल्या खेपेस काय करावे ते सांगतो. दोन किलोंपेक्षा जास्त घेऊ नये. गड्डा घट्ट, हाताला जड आणि पुरा तयार झालेला निवडावा, कारण अशा गड्ड्यात साखर अधिक असते. कोवळा, पोकळ गड्डा भाजीला बरा, आंबवायला नाही. शेत घरचे असेल तर काढणीनंतर एक-दोन दिवसांत कामाला लागावे. आणखी एक गोष्ट शेतकरी बांधवांनी विसरू नये. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी आपण कोबीवर पुन्हा पुन्हा फवारे मारतो. औषधाच्या डब्यावर फवारणी व काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत ते छापलेले असते. तेवढे दिवस गेल्याशिवाय तो गड्डा बरणीत जाऊ नये, आणि खरे तर बाजारातही जाऊ नये.

बाहेरची चार पाने काढून गड्डा धुवावा. एक चांगले मोठे पान बाजूला राखून ठेवावे, ते पुढे लागणार आहे. बाकीचा कोबी विळीवर लांब व बारीक चिरावा, रुपयाच्या नाण्याच्या जाडीपेक्षा जाड नको. मोठ्या परातीत थोडा कोबी, थोडे मीठ असे पसरत जावे, म्हणजे मीठ सगळीकडे सारखे लागते. मग दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि नंतर स्वच्छ हातांनी कणीक तिंबावी तसा कोबी चुरावा. पाच-सात मिनिटांत तो नरम पडतो, निम्मा होतो आणि परातीत पाणी साचते. हे पाणी फेकायचे नाही! भाजीला चोळलेल्या मिठाचे पाणी पिळून टाकण्याची आपल्याला सवय आहे, ती येथे नडते. हे पाणी म्हणजेच बरणीतला सारा खेळ आहे.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांना हात लावू नये, आंबट पदार्थ धातूला खातो आणि धातू आपल्या पोटात जातो. बरणीत कोबी मुठीने दाबदाबून भरावा, तळाशी हवा राहू देऊ नये, आणि वर चार बोटे जागा सोडावी. राखून ठेवलेले पान वर अंथरावे व त्यावर वजन ठेवावे. पाण्याने भरलेली, घट्ट बुचाची छोटी काचेची बाटली या कामी उत्तम. कोबी स्वतःच्या पाण्याखाली बुडालेला असला पाहिजे. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी वर आले नाही तर लिटरभर पाणी उकळून पूर्ण गार करावे, त्यात 25 ग्रॅम मीठ विरघळवावे आणि लागेल तेवढे ओतावे. तोंडाला दादरा बांधावा किंवा झाकण नुसते टेकवून ठेवावे. झाकण आवळून बंद केले तर आतल्या वायूने बरणी फुटण्याची भीती असते. बरणीखाली ताट असू द्यावे, पहिल्या आठवड्यात पाणी उतू जाते.

तेल, व्हिनेगर, लिंबू यांपैकी काही घालू नये. विरजणही लागत नाही. पाने उकळत्या पाण्यातून काढू नयेत, त्याने कामकरी जंतूच मरतील. हळद-मोहरीचा मोह पहिल्या खेपेस तरी आवरावा. जर्मन लोक कॅरावे नावाचे बी घालतात, ते आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचे. त्याऐवजी चमचाभर जिरे घातले तर चालते.

किती दिवस लागतात, हा प्रश्न हवेचा आहे. खोलीतील उष्णता 21 ते 24 अंश सेल्सिअस असेल तर तीन-चार आठवडे. 15 ते 18 अंशांत पाच-सहा आठवडे. 24 अंशांच्या वर काम भराभर होते, पण कोबी मऊ पडण्याचा धोका वाढतो. यावरून आपापल्या गावाचा हिशेब करावा. बेळगावच्या हिवाळ्यात घराचा अंधारा कोपरा या पदार्थाला जणू सांगून बांधल्यासारखा आहे. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात बरणी भरली तर नाताळला चव पाहण्याजोगी होते. हैदराबाद व बडोद्यासही डिसेंबर-जानेवारी हेच महिने चांगले. ग्वाल्हेरकडे थंडी कडक, तेथे बरणी स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला नव्हे पण त्याच खोलीत ठेवावी आणि धीर धरावा. गोव्यात किनाऱ्यालगत डिसेंबरातही ऊब असते, म्हणून आठव्या दिवसापासून चव पाहावी आणि हवा तसा आंबटपणा आला की बरणी शीतकपाटात हलवावी. एप्रिल-मे महिन्यांत कोणीच हा उद्योग करू नये. कोबी तेव्हाही मिळतो, पण सगळ्या गोष्टी मिळतात म्हणून करायच्या नसतात.

पहिल्या चार-पाच दिवसांत बुडबुडे येतात, फेस येतो, आणि घरातली मंडळी नाके मुरडतात. वास उग्र असतो हे खरेच आहे. दुसऱ्या आठवड्यात तो निवळून स्वच्छ आंबट होतो, ताकाच्या जवळचा. पाण्यावर पांढरट पातळ साय धरली तर ती निरुपद्रवी. चमच्याने काढून टाकावी. परंतु केसाळ बुरशी, काळा, हिरवा अगर गुलाबी रंग, लिबलिबीत चिकटपणा किंवा कुजका वास यांपैकी काही दिसले तर बरणी रिकामी करावी. वरचे काढून खालचे वापरू, असा विचार करू नये. दोन किलो कोबीची किंमत ती काय, आणि दवाखान्याची पावती किती? गुलाबी रंग बहुधा मीठ फार झाल्याने किंवा एका जागी साचल्याने येतो, मऊपणा मीठ कमी पडल्याने किंवा उष्णतेने. पुढच्या खेपेस कोठे लक्ष द्यावे हे यावरून कळते.

घरात नवा पदार्थ कसा रुळवावा, याची एक जुनी गोष्ट या कोबीशीच जोडलेली आहे. 1768 ते 1771 या काळात कॅप्टन जेम्स कुक ‘एन्डेव्हर’ जहाज घेऊन जगाची प्रदक्षिणा करीत होता. त्या काळी लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही होई; हिरड्या सुजत, रक्त येई, माणसे मरत. कुकने जहाजावर हजारो पौंड आंबट कोबी भरून घेतला होता. खलाशी त्याला तोंड लावीनात. तेव्हा त्याने सक्ती केली नाही. अधिकाऱ्यांच्या मेजावर तो रोज वाढण्यास सांगितले आणि खलाशांना हवे तर घ्या, नको तर सोडा अशी मोकळीक दिली. वरच्या मंडळींना आवडते म्हटल्यावर खलाशांनीही तो मागून घेतला, इतका की पुढे वाटणी ठरवून द्यावी लागली. कुक बंदरोबंदरी ताजा भाजीपालाही मिळवीत असे, तेव्हा सारे श्रेय कोबीला देता येणार नाही. स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होते हे तर विसाव्या शतकात कळले. पण घरातील मुलांना नवी भाजी खाऊ घालण्याची त्याची युक्ती अजून जुनी झालेली नाही. आधी आजोबांच्या ताटात वाढावी.

आता खाण्याविषयी. तयार कोबी दोन प्रकारे खावा: काही कच्चा, काही शिजवून. त्यातले जंतू जिवंत हवे असतील आणि ‘क’ जीवनसत्त्व जास्तीत जास्त टिकावे असे वाटत असेल तर कच्चाच खावा. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि बाजूला दोन चमचे हा कोबी, एवढ्याने जेवणाला चव येते. त्यावर गरम फोडणी ओतू नये. हवीच तर फोडणी वेगळी करून गार झाल्यावर घालावी.

शिजवताना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी मन खट्टू होते. पहिली, आम्लात बटाटा आणि डाळ लवकर शिजत नाही. कच्चा बटाटा व आंबट कोबी एकत्र चढवला तर तासाभरानेही बटाटा कडकच लागतो. म्हणून बटाटे आधी वेगळे उकडावेत, डाळ आधी घोटून घ्यावी आणि मग कोबी सोडावा. दुसरी, भाजीत मीठ शेवटी, चव पाहून घालावे. बहुतेक वेळा लागतच नाही.

फ्रान्सच्या आल्सास प्रांतात हा कोबी डुकराच्या मांसाबरोबर व बटाट्याबरोबर मंद आचेवर शिजवतात. चरबीचा जडपणा आंबटपणाने कापला जातो, हे आपल्या व्हिनेगर घातलेल्या विंदालूइतकेच शहाणपणाचे आहे. आपल्याकडे गोव्याचे चोरीस वापरता येतील. मात्र त्यांत मीठ व आंबटपणा दोन्ही असतात, म्हणून कोबी एकदा पाण्यातून काढून घट्ट पिळून घ्यावा. चोरीस आधी तव्यावर तेल सुटेपर्यंत परतावेत, त्यात भरपूर कांदा, मग कोबी आणि शेवटी उकडलेला बटाटा. पोलंडमध्ये कोबी व अनेक मांसे एकत्र शिजवून ‘बिगोस’ करतात. नाताळच्या आदल्या रात्री तेथे मांस वर्ज्य असते, तेव्हा हाच कोबी व आळंबी भरून करंजीच्या आकाराचे उकडलेले पदार्थ होतात. त्या लोकांचा आपल्या मुलखाशी संबंध आलेला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यांत बहुतांश बायका-मुले.

शाकाहारी घरांनी कोबी घट्ट पिळून, हिरवी मिरची व कोथिंबीर घालून पराठ्यात भरावा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या भगिनींना हे फारसे शिकवावे लागणार नाही. गाजराची आंबट कांजी त्यांच्याकडे थंडीत होतेच, आणि हा कोबी तिचा नातेवाईक आहे. पिळून निघालेले पाणी शिजलेल्या तुरीच्या वरणात घातले तर चिंच-आमसुलाची गरज राहत नाही.

आरोग्याच्या बाजूने मात्र आवर घालण्याची वेळ आली आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात आंबवलेल्या भाज्यांनी मधुमेह जातो, कर्करोग टळतो, गुडघे बरे होतात असे काय वाटेल ते वाचायला मिळते. शहरात महागड्या बाटल्याही या नावावर खपतात. हे सारे मला न पटणारे आहे. आंबट कोबी हे चांगले अन्न आहे. त्यात चोथा आहे, ‘क’ जीवनसत्त्व आहे, कच्चा खाल्ला तर दह्यासारखे जिवंत जंतू आहेत. यापुढे जाऊन त्याला औषध म्हणणे म्हणजे रोग्याला डॉक्टरपासून दूर नेणे होय.

शिवाय त्यात मीठ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. शंभर ग्रॅम आंबट कोबीत दोन ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, म्हणजे एका वाटीत दिवसाचा जवळजवळ निम्मा वाटा. लोणचे, पापड, सुके मासे आपल्या ताटात आधीच असतात. दोन मोठे चमचे खाल्ले तर अर्धा-पाऊण ग्रॅम मीठ पडते. तेवढे निरोगी माणसाला चालावे, पण मग त्या जेवणात लोणचे नको. रक्तदाब, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या रोग्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि येथे एक धोक्याची सूचना. घरात रक्तदाबाचा रोगी आहे म्हणून काहीजणी बरणीतलेच मीठ निम्मे करतात. तसे कदापि करू नये. मीठ कमी पडले तर नको ते जंतू आधी वाढतात आणि कोबी खाण्याजोगा राहत नाही. मीठ कमी करायचे ते ताटात कोबी कमी वाढून.

क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी व नैराश्यावरील काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आंबवलेल्या पदार्थांत टायरामिन नावाचे द्रव्य असते, ते या औषधांबरोबर गेल्यास रक्तदाब एकाएकी चढू शकतो, डोके ठणकते. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी कच्चा आंबवलेला पदार्थ विचारल्याशिवाय खाऊ नये.

महिला बचत गटांनी हा कोबी करून विकावा, अशीही सूचना कानावर येते. माझा विरोध नाही, पण घाई नको. दोन हिवाळे घरी करून पाहावा, प्रत्येक बरणीवर तारीख, कोबीचे वजन आणि मिठाचे वजन लिहून चिठ्ठी चिकटवावी. दर वेळी सारखा माल उतरू लागला की मग अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करून बाजारात उतरावे. विकत घेणाऱ्याला आपल्या हाताचा अंदाज ठाऊक नसतो.

तयार झालेली बरणी शीतकपाटात काही महिने चांगली राहते. काढताना चमचा कोरडा व स्वच्छ असावा आणि उरलेला कोबी पुन्हा पाण्याखाली दाबून ठेवावा. बाहेरची काढलेली पाने गुरांना घालावयाची असल्यास थोडी थोडी, इतर वैरणीत मिसळून घालावीत. एकदम पाटीभर कोबी खाल्ल्याने जनावराचे पोट फुगते. बरणीतले खारे पाणी मात्र गुरांच्या दावणीत किंवा परसातल्या झाडांना ओतू नये.